बदलीचा अर्ज आणि सार्त्रचे उत्तर

सप्रेम नमस्कार,

तुमचे पत्र मिळाले. नाव आणि गाव छापू नये या तुमच्या विनंतीचा मान राखून, इतर वाचकांसाठी त्यातली परिस्थिती थोडक्यात मांडतो. तुम्ही सातपुड्यातल्या एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहात. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे ६० पर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक हवेतच, आणि कागदोपत्री तुमची शाळा द्विशिक्षकीच आहे. परंतु सहकारी निवृत्त झाल्यापासून त्यांची जागा भरलेली नाही आणि पहिली ते चौथीची १४ मुले तुमच्या एकट्याच्या हाती आहेत. ही मुले घरी पावरी बोलतात. पहिलीत आलेल्या मुलाला पाठ्यपुस्तकातली मराठी परकी वाटू नये म्हणून तुम्ही ती बोली शिकलात आणि शब्दांची एक वहीही तयार केलीत. तिकडे सातारा जिल्ह्यातल्या तुमच्या गावी आई एकटी राहते. गेल्या पावसाळ्यात ती न्हाणीघरात घसरून पडली, खुब्याचे ऑपरेशन झाले, आता वॉकर धरून घरातल्या घरात चालते. बहीण इचलकरंजीहून पंधरवड्याला येऊन जाते, आणि आई फोनवर दर वेळी ‘माझं काय, तू तुझं बघ’ एवढेच म्हणते. आंतरजिल्हा बदलीचे अर्ज ऑनलाइन पोर्टलवर आता सुरू होतील. तुम्ही गेलात तर शाळेला दुसरा शिक्षक मिळेल की पट कमी म्हणून ती शाळाच दुसऱ्या शाळेत विलीन होईल, हे कोणी सांगू शकत नाही. राहिलात तर आईची पुढची काही वर्षे कशी जातील, हेही कोणी सांगू शकत नाही.

पत्राच्या दुसऱ्या पानावर तुम्ही फ्रेंच तत्त्वज्ञ ज्याँ-पॉल सार्त्रवर चिडला आहात. आई आणि देश यांच्यात अडकलेल्या एका विद्यार्थ्याला त्याने ‘तू स्वतंत्र आहेस, निवड कर’ असे सांगितल्याचे तुम्ही वाचले, आणि तुमचे म्हणणे असे की ‘एवढे उत्तर तर आमचे केंद्रप्रमुखही देतात: तुमचं तुम्ही बघा.’ हे वाक्य वाचून मला हसू आले. तरीही ते खरे नाही, असे मला वाटते, आणि ते खरे का नाही हे समजून घेताना तुमच्याच अर्जाचा प्रश्न थोडा सुटा होईल, म्हणून त्या हकिगतीपासून सुरुवात करतो. ती सांगताना लोक बहुधा शेवटचे वाक्य तेवढे सांगतात आणि मधला, जास्त महत्त्वाचा भाग गाळतात.

सार्त्रने ही हकिगत २९ ऑक्टोबर १९४५ रोजी पॅरिसमधल्या खचाखच भरलेल्या सभागृहात सांगितली. पुढच्या वर्षी ते व्याख्यान पुस्तकरूपाने आले. प्रसंग मात्र फ्रान्सवरच्या जर्मन अंमलाच्या काळातला आहे. त्या तरुणाचा मोठा भाऊ १९४० च्या जर्मन आक्रमणात मारला गेला होता. वडिलांचे आईशी पटत नव्हते आणि ते जर्मनांशी जुळवून घेण्याच्या बाजूला झुकले होते. आईला उरला होता तो हा एकच मुलगा, आणि त्याला वाटत होते की इंग्लंडला जाऊन स्वतंत्र फ्रान्सच्या सैन्यात भरती व्हावे आणि भावाचा सूड घ्यावा. आईसाठी तो जे काही करेल त्याचा परिणाम निश्चित होता, कारण ती त्याच्याच आधाराने जगत होती. लढ्यासाठी तो जे करेल ते मात्र वाळूत मुरून जाण्याची शक्यता होती: वाटेत स्पेनमधल्या छावणीत तो कायमचा अडकू शकत होता, किंवा इंग्लंडला अथवा अल्जिअर्सला पोहोचूनही एखाद्या कचेरीत त्याला नुसते फॉर्म भरत बसावे लागले असते.

आता गाळला जाणारा भाग. उत्तर देण्याआधी सार्त्र एकेक मार्गदर्शक तपासतो. ख्रिस्ती शिकवण म्हणते की शेजाऱ्यावर प्रेम करा आणि अवघड वाट धरा. पण या दोन वाटांपैकी अवघड कोणती, आणि शेजारी कोण, आई की सोबत लढणारा सैनिक? जर्मन तत्त्वज्ञ कांट म्हणतो की माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका. पण मुलगा आईजवळ राहिला तर त्याच्यासाठी लढणारे साधन ठरतात, आणि लढायला गेला तर आई साधन ठरते. मग तो तरुण म्हणतो, ज्या बाजूला भावना अधिक ओढेल तिकडे जाईन. त्यावर सार्त्रचा प्रश्न असा की भावनेचे वजन करायचे कशाने? आईवर माझे इतके प्रेम आहे की तिच्यासाठी मी बाकी सगळे सोडले, हे वाक्य सगळे सोडून झाल्यावरच खरे होते. भावना कृतीतून घडते, आणि म्हणून कृती ठरवायला तिला आधीच साक्षीला बोलावता येत नाही. एवढी झाडाझडती झाल्यावर ‘तू स्वतंत्र आहेस’ हे वाक्य येते. केंद्रप्रमुखांचे वाक्य काहीही न तपासता येते, आणि बहुधा जीप सुरू करता करता येते.

तुमच्या पत्रात हे सारे मार्गदर्शक वेगळ्या पोशाखात हजर आहेत. मामांनी ‘मातृदेवो भव’ ऐकवले. निवृत्त सहकाऱ्यांनी ‘कर्मण्येवाधिकारस्ते’ म्हटले, पण दोन कर्मांपैकी तुमचे कोणते हे त्या चरणातून त्यांनाही काढता आले नाही. मित्राने ‘मनाला विचार’ म्हटले आणि मन तर रोज संध्याकाळी आईचा फोन ठेवल्यावर एक सांगते आणि सकाळी शाळेचे कुलूप काढताना दुसरेच. ज्या गीतेचा हवाला तुम्हाला देण्यात आला तिच्या अठराव्या अध्यायात सगळे ज्ञान सांगून झाल्यावर श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणतात की याचा पूर्ण विचार कर आणि मग ‘यथेच्छसि तथा कुरु’, तुला वाटेल तसे कर. हे वचन ईश्वरशरणतेच्या चौकटीतले आहे आणि सार्त्र निरीश्वरवादी, तेव्हा दोघांना एका पंक्तीला बसवण्याचा माझा हेतू नाही. मात्र सल्ला संपतो तिथे ऐकणाऱ्याचे काम सुरू होते, हे आपल्याकडे अनोळखी नाही.

तुमच्या पत्रातले मला सर्वांत खटकलेले वाक्य शेवटून दुसऱ्या परिच्छेदात आहे. तुम्ही लिहिता: ‘शेवटी असे ठरवले आहे की अर्ज भरून टाकतो, पोर्टलने बदली दिली तर आईकडे जायचे होते असे समजेन, नाही दिली तर शाळेचे ऋण बाकी होते असे समजेन.’ देवापुढे कौल लावावा तसा हा अर्ज आहे, फक्त गुरवाच्या जागी सर्व्हर बसला आहे. तुम्ही निवड टाळलेली नाही. निवड तुमचीच आहे, पण ती दुसऱ्या कोणाची तरी आहे असे तुम्ही स्वतःला भासवत आहात. सार्त्रच्या नीतिविचारात एखादी गोष्ट खरोखर निषिद्ध असेल तर ती ही आत्मवंचना. आपण परिस्थितीच्या, स्वभावाच्या, हुद्द्याच्या किंवा नशिबाच्या हातातली वस्तू आहोत असे मानले की सुटल्यासारखे वाटते. परंतु वस्तूला असे काही मानता येत नाही, आणि मानणारा तर जागाच असतो.

कौलाबद्दल त्याच व्याख्यानात आणखी एक माणूस भेटतो. सार्त्र १९४० मध्ये जर्मनांच्या कैदेत होता, तिथे त्याची जेसुइट या कॅथलिक धर्मसंघातल्या एकाशी ओळख झाली. लहानपणी वडील वारलेले, घरात दारिद्र्य, धर्मादाय शिष्यवृत्तीवर शिक्षण, अठराव्या वर्षाच्या सुमारास प्रेमभंग आणि बाविसाव्या वर्षी सैनिकी परीक्षेत अपयश. या अपयशांच्या माळेत त्याला खूण दिसली की ऐहिक यश आपल्यासाठी नाही, आणि तो धर्मसंघात गेला. सार्त्रचे म्हणणे एवढेच की याच घटनांवरून तो सुतारही झाला असता किंवा क्रांतिकारकही. खुणेचा अर्थ लावणारा तोच होता. पोर्टलवर तुमचे नाव आले किंवा नाही आले, याचा खरा अर्थ रिक्त पदे, सेवाज्येष्ठता आणि संवर्ग यांचा हिशेब एवढाच आहे. त्यात आईचे किंवा शाळेचे ऋण वाचायचे असेल तर ते वाचणारे तुम्हीच असाल.

तुमचा पुढचा प्रश्न अधिक कठीण आहे. मूल्ये आधीपासून कुठे लिहून ठेवलेली नसतील तर मग काहीही चालते, असे होत नाही का? सार्त्रने इथे जे उत्तर दिले, की माणूस स्वतःसाठी निवडताना साऱ्या मानवजातीसाठी निवडतो, ते मला पुरेसे वाटत नाही. ज्या कांटला त्याने त्याच व्याख्यानात निरुपयोगी ठरवले त्याच्याच दाराशी ते परत जाते. त्याने स्वतःच १९४३ च्या आपल्या मोठ्या ग्रंथाच्या शेवटी नीतिशास्त्राचा ग्रंथ लिहीन असे म्हटले होते. तो त्याने पुरा केला नाही आणि त्यासाठीच्या टिपणवह्या १९८३ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाल्या. हे काम खऱ्या अर्थाने केले ते त्याची सहचारिणी, लेखिका सिमोन द बोव्हारने, १९४७ मध्ये संदिग्धतेच्या नीतीवर लिहिलेल्या छोट्या पुस्तकात. तिचा युक्तिवाद असा: मला स्वतःचे स्वातंत्र्य हवे आहे असे मी मनापासून म्हणत असेन, तर मला इतरांचेही स्वातंत्र्य हवे असले पाहिजे, कारण माझ्या कृतीला पुढे नेणारे, तिला अर्थ देणारे किंवा तिच्याशी भांडणारे तेच आहेत, वस्तूंच्या जगात एकट्या स्वतंत्र माणसाच्या कृतीला काही अर्थच उरत नाही. तेव्हा कसोटी आहे. माझ्या निवडीने दुसऱ्यापुढचे रस्ते उघडतात की बंद होतात?

आणि कोणत्याही ध्येयाला माणसांपेक्षा मोठे मानून त्यामागे स्वतःला लपवणाऱ्यांचा तिला विशेष राग आहे. हा राग तुमच्या बाबतीत दोन्ही बाजूंना लागू पडतो. ‘मी कर्तव्यनिष्ठ शिक्षक’ ही मूर्ती उभी करून आईला तिच्यापुढे नैवेद्य म्हणून ठेवता येते, आणि ‘मी आदर्श पुत्र’ या मूर्तीपुढे १४ मुलांना ठेवता येते. मूर्ती बाजूला केल्या की एक वॉकर धरून चालणारी बाई उरते आणि नावानिशी ओळखीची १४ मुले उरतात. सार्त्रच्या विद्यार्थ्यापेक्षा तुमची अडचण म्हणूनच अधिक आहे: त्याच्या एका पारड्यात ठोस माणूस होता आणि दुसऱ्यात दूरचे, धूसर ध्येय, तुमच्या दोन्ही बाजूंना चेहरे आहेत.

या कसोटीचा पहिला उपयोग आईपाशी करून पाहा. तुमच्या चार पानांत आई काय सोसते हे आहे, तिला काय हवे आहे हे कुठेच नाही. ‘माझं काय, तू तुझं बघ’ हे उत्तर नव्हे. आपल्याकडच्या आया हे वाक्य आजारपणातही म्हणतात आणि जेवायला वाढतानाही. १९६३ मध्ये बोव्हारची आई घरात पडली, रुग्णालयात कर्करोग निघाला, आणि बोव्हार व तिच्या बहिणीने तो आईपासून लपवला. साऱ्या आयुष्यात दुसऱ्यांच्या स्वातंत्र्याची बाजू मांडणाऱ्या लेखिकेने आईला तिच्याच मरणाबद्दल अंधारात ठेवले, आणि पुढच्या वर्षीच्या पुस्तकात तिने या गोष्टीची बोच लपवलेली नाही. प्रेमाच्या माणसाच्या वतीने ठरवून टाकणे किती सोपे असते, हे त्यातून दिसते. तुमची आई कदाचित सातपुड्यात येऊन राहायला तयार नसेल, किंवा असेल. कदाचित तिला बहिणीकडे जायचे असेल आणि लेकीच्या सासरी कसे राहायचे या संकोचाने ती बोलत नसेल. कदाचित तिला तुम्हीच हवे असाल आणि मागायचा धीर होत नसेल. हे फोनवर कळणार नाही. दोन दिवसांची रजा काढून समोर बसून विचारावे लागेल, आणि जे उत्तर येईल ते ऐकून घ्यायची तयारी ठेवूनच विचारावे लागेल.

शाळेच्या बाजूने विचार करताना मला फ्रेंच लेखक आल्बेर काम्यू आठवतो, जरी तो स्वतःला सार्त्र-बोव्हारसारखा अस्तित्ववादी, म्हणजे माणूस आपल्या निवडींतून स्वतःला घडवतो असे मानणारा, म्हणवून घेत नसे. त्याचे वडील १९१४ मध्ये पहिल्या महायुद्धात मारले गेले, तेव्हा तो एक वर्षाचाही नव्हता. अल्जिअर्सच्या गरीब वस्तीत, जवळजवळ बहिरी आणि निरक्षर आई लोकांकडे साफसफाईची कामे करी आणि घरात आजीचा शब्द चाले. नातवाने लवकर कमवायला लागावे असे आजीचे मत होते. प्राथमिक शाळेतले शिक्षक लुई जेर्मँ घरी जाऊन त्या आजीशी बोलले, मुलाला शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी फुकट शिकवले, आणि तो माध्यमिक शाळेत गेला. १९५७ मध्ये नोबेल जाहीर झाल्यावर काम्यूने त्यांना पत्र लिहिले की बातमी ऐकल्यावर आईनंतर पहिला विचार तुमचाच आला, आणि स्वीडनमधली भाषणे छापली तेव्हा ती त्यांना अर्पण केली. आता या गोष्टीवरून ‘पाहा, शिक्षकाने थांबलेच पाहिजे’ असा निष्कर्ष कोणी काढील, आणि दुसरा कोणी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्टॉकहोमला काम्यूने न्यायाच्या वर आईला ठेवल्याचे दाखवून ‘आईकडेच जा’ म्हणेल. दुसऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे की तो प्रश्न अल्जीरियाच्या स्वातंत्र्यलढ्यात अल्जिअर्सच्या ट्रॅममध्ये फुटणाऱ्या बॉम्बचा होता: त्या ट्रॅममध्ये माझी आई असू शकते, हाच न्याय असेल तर मला आई अधिक प्रिय आहे, असे तो म्हणाला होता. बदलीच्या अर्जाला ते वाक्य जोडता येत नाही. जेर्मँ यांच्या गोष्टीतून मला एकच गोष्ट घ्यावीशी वाटते: त्यांनी जे केले ते शिक्षक म्हणून कायम तिथे राहून केले असे नाही, तर एका विशिष्ट वेळी एका घरी जाऊन केले. तुमच्या चौथीतल्या मुलांना पाचवीसाठी आश्रमशाळेत किंवा तालुक्याच्या शाळेत पाठवायचे की नाही, हे त्यांचे पालक याच उन्हाळ्यात ठरवतील. ती घरे तुम्हाला ठाऊक आहेत.

सगळा भार स्वतःवर घेण्याची तुमची सवय मात्र मला मान्य नाही, आणि इथे सार्त्रने तुमचे नुकसान केले असावे. १९४३ चा सार्त्र माणसाला इतका निरपवाद स्वतंत्र आणि जबाबदार ठरवतो की ज्याने दुसरी जागा रिक्त ठेवली तो यात कुठे दिसतच नाही. त्याचाच मित्र, तत्त्वज्ञ मॉरिस मर्लो-पाँतीने १९४५ मध्येच दाखवून दिले की स्वातंत्र्य नेहमी एखाद्या परिस्थितीत रुजलेले असते. आत आणि बाहेर यांची भेट म्हणजे स्वातंत्र्य. एकाच शिक्षकाच्या पायावर शाळा उभी ठेवणे हा प्रशासनाचा निर्णय आहे, तुमचा नव्हे. तुम्ही गेल्यावर शाळा बंद पडली तर ती तुम्ही बंद केली असे होत नाही. परंतु त्या रिकाम्या जागेबद्दल तुम्ही आजवर गप्प बसला असाल, तर ते गप्प बसणे तुमचे आहे.

शेवटी तुम्ही विचारले आहे की काहीही केले तरी मनाला लागून राहील, मग योग्य निर्णय झाला हे ओळखायचे कसे. त्या खुणेने ओळखता येणार नाही. दोन खरी मूल्ये समोर असताना एक सोडले की सोडलेल्याचे दुःख होणारच. ते चुकीचा पुरावा नाही आणि ते न होणे हा बरोबर असल्याचाही पुरावा नाही. बोव्हारच्या मते अपयशाची शक्यता नसेल तिथे नीतीचा प्रश्नच उद्भवत नाही. तुम्हाला हमी हवी आहे, आणि हमी मिळणे ही गोष्ट या विषयात नाही.

माझा स्वतःचा कल विचारलात म्हणून सांगतो, त्याला कौल समजू नका. तुम्ही सल्ल्यासाठी शिक्षक संघटनेच्या पदाधिकाऱ्याकडे न जाता या सदराकडे आलात, म्हणजे कोणत्या प्रकारचे उत्तर ऐकायचे हे तुम्ही निम्मे आधीच ठरवले होते. सल्लागार निवडणे ही सल्ल्याचीच निवड असते, हेही सार्त्रनेच त्या विद्यार्थ्याबद्दल म्हटले आहे. तुमच्या चार पानांपैकी तीन पाने शाळेबद्दल आहेत, यावरून तुम्हाला थांबायचे आहे आणि थांबण्याची परवानगी हवी आहे, असे मला वाटते. ती परवानगी देणे माझ्या हाती नाही, आईच्या हाती थोडीफार आहे. म्हणून आईला भेटण्याआधी अर्ज भरू नका. भेटीनंतर जावेसे ठरले तर अर्ज जाण्यासाठी भरा, पसंतीक्रमात घरचा जिल्हाच टाका, आणि कार्यमुक्त होण्यापूर्वी ती पावरी शब्दांची वही झेरॉक्स काढून शाळेच्या कपाटात व केंद्रावर अशी दोन्हीकडे ठेवा. राहायचे ठरले तर आईच्या सोबतीला पगारी बाई ठेवण्याचा खर्च आणि सुट्ट्यांचे वेळापत्रक बहिणीबरोबर बसून कागदावर ठरवा, कारण नाहीतर तुमच्या स्वातंत्र्याची किंमत न विचारता तिच्याकडून वसूल होईल. दोन्ही बाबतींत शाळा व्यवस्थापन समितीची सभा बोलावून दुसऱ्या शिक्षकाच्या मागणीचा ठराव करून घ्या आणि त्याची पोच घ्या.

आणि जे ठरवाल त्याची कारणे एका कागदावर, ‘मी’ या शब्दाने सुरू होणाऱ्या वाक्यांत, पोर्टलचा निकाल लागण्याच्या आधी लिहून ठेवा.

तुमचा,
सदरलेखक